चावून दिलेला घास

प्रेरणा गेली त्या वर्षापासून शालूबाईचं पोट जळायला लागलं. निदान ती तसं धरून चालली होती, आणि गावातल्या बायाही तेच म्हणायच्या.

प्रेरणा तिच्या पोटची नव्हती. धाकट्या भावाची, प्रेमानंदची मुलगी. प्रेमानंदचं अमडापूरला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याची बायको काविळीने गेली, तेव्हा पोरगी नुकती भिंत धरून उभी राहायला शिकली होती. शालूबाई आणि उत्तमरावांना मूलबाळ नव्हतं. तेरावं झालं आणि शालूबाईनेच भावाला म्हटलं की हिला मी नेते. पोरीला कडेवर घेऊन ती एसटीने आपल्या गावी आली.

गाव जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरामागे उत्तमरावांची संत्र्याची बाग होती आणि बागेच्या पलीकडे डोंगर सुरू व्हायचा. पोरगी आली तेव्हा अगदी काटकी होती. बाटली तोंडात धरायची नाही, वरण-भात थुंकून टाकायची. मग शालूबाई ज्वारीच्या भाकरीचा तुकडा दुधात बुडवून स्वतः चावायची आणि मऊ झालेला घास बोटाने तिच्या तोंडात घालायची. तेवढा मात्र ती गिळायची. शालूबाईच्या आईने तिच्या भावंडांना असंच वाढवलं होतं, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे पोरीला सगळे दात आले, ती शाळेत जायला लागली, तरी दोघींचं ताट एकच राहिलं. प्रेरणा तिला माय म्हणायची.

एक गोष्ट सोडली तर पोरगी चांगली वाढली. तिचं पोट दुखायचं. संध्याकाळी खेळता खेळता ती घरात यायची आणि चुलीजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसायची. शालूबाई कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लावायची, ओवा चावायला द्यायची. शेजारच्या सिंधूताईचं म्हणणं होतं की पोरीला तिची मेलेली आई आठवते. शालूबाईला ते ऐकायला आवडायचं नाही, पण खोडून काढायला तिच्याकडेही काही नव्हतं.

प्रेमानंदने दुसरं लग्न केलं आणि प्रेरणा चौथीत असताना तिला न्यायला आला. पोरीला त्याने सांगितलं की चिखलीला लहान मुलांचा चांगला डॉक्टर आहे, त्याला पोट दाखवू, पोट बरं झालं की तुला परत आणून सोडतो. ती परत येणार नाही हे मोठ्या माणसांना माहीत होतं. प्रेरणाने दप्तर सोबत नेलं नाही. शनिवारी पेपर आहे, तोवर मी येतेच, असं ती शालूबाईला सांगून गेली.

त्यानंतर शालूबाई दोनदा अमडापूरला जाऊन आली. दोन्ही वेळा पोरगी तिला बिलगून राहिली आणि ती निघाल्यावर अनेक दिवस धड जेवली नाही. नव्या आईशी बोलेना. शेवटी प्रेमानंदचा फोन आला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता.

"ताई, तू काही दिवस येऊ नको," तो म्हणाला. "फोन बी करू नको. रुळू दे तिले."

शालूबाई बरं म्हणाली. काही दिवस म्हणजे किती, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिला वाटलं, वेळ झाली की तो स्वतःच बोलावेल. ती वाट पाहत राहिली. वाट पाहण्यात एक दिवाळी गेली, मग दुसरी, आणि मग आपण होऊन फोन करणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं असं तिला वाटायला लागलं.

पोटातली जळजळ त्याच काळात सुरू झाली. छातीच्या खाली, मधोमध, उपाशीपोटी जास्त. काही खाल्लं की थोडा वेळ शांत व्हायची आणि पुन्हा पेटायची. ती खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायची, थंड दूध प्यायची, मेडिकलमधून गॅसची पावडर आणायची. दुखायला लागलं की तिथे तळहात दाबून धरायची आणि तिला प्रेरणा आठवायची. हळूहळू ते दुखणं आणि ती आठवण एकच होऊन गेली. तक्रार करावी असंही तिला वाटेना. पोरगी गेली, मागे एवढं राहिलं, असं ती मानायची.

प्रेरणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा ती गेली. मांडवात पाच-पन्नास बाया होत्या. नवरीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आत्या, जेवून जा." शालूबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागून कोणीतरी पुढे सरका म्हणालं, आणि ती सरकली.

*

गेल्या हिवाळ्यात बागेत तोडणी चालू होती. झाडाखाली बसून शालूबाई संत्री निवडत होती, मोठी एका क्रेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. उठायला गेली आणि डोळ्यांपुढे अंधार आला. उत्तमराव धावत आले तेव्हा ती क्रेटवर आडवी पडली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

गाडी करून त्यांनी तिला खामगावला नेलं. तिथल्या एका खासगी दवाखान्यात पोटाच्या विकारांचे डॉक्टर होते, डॉ. वकार. ते मूळचे नांदुऱ्याचे, वयाने तरुण, बोलायला सावकाश. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शौचाच्या रंगाचा. शालूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. उत्तमरावांना बाहेर जायला सांगितल्यावर तिने कबूल केलं की आठवडाभर शौचाला काळी, डांबरासारखी होत होती. लाजेपोटी तिने कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्यांबद्दलही विचारलं. त्या तर ती गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणून रोज घेत होती.

तिला रक्त चढवलं. पोटातलं आम्ल कमी करायची इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी घशात कडू फवारा मारून, तोंडातून दुर्बीण घालून तपासणी केली. नळी गेली तेव्हा तिला गुदमरल्यासारखं झालं. सिस्टर डोक्यावरून हात फिरवत होती, आणि थोड्याच वेळात ते संपलंही.

दुपारी डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. त्यांनी फोटो दाखवला. गुलाबी अस्तरात एक पांढरट खड्डा होता, कडा लाल. हा अल्सर, म्हणजे जखम, इथूनच रक्त जात होतं, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी खिशातून एक चपटी प्लास्टिकची पट्टी काढली. तिच्यातल्या छोट्या खळग्यात पिवळं औषध होतं, दुर्बिणीतून काढलेला अस्तराचा कणभर तुकडा त्यात टाकला होता. आता ते औषध गडद गुलाबी झालं होतं.

"हा रंग बदलला, याचा अर्थ तुमच्या पोटात जंतू आहे, मावशी."

जंत लहान पोरांना होतात, मला कशाला होतील, असं शालूबाईने विचारलं.

"जंत डोळ्याले दिसतात. हा जंतू दिसत नाही, दुर्बिणीतून बी नाही. पोटात तेजाबासारखं आम्ल असते, त्यात बाकीचे जंतू मरतात. हा आपल्याभोवती आम्ल मारणारं द्रव्य तयार करते अन् अस्तराले चिकटून बसते. अस्तर सुजते. बहुतेक लोकायले काहीच होत नाही, काहींले अशी जखम होते. त्यात तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांनी भर घातली."

"मले वाटलं काळजीनं आहे," शालूबाई म्हणाली. "आमची पोरगी गेली तवापासून दुखून राह्यलं."

डॉक्टरांनी पोरीचं काय झालं ते विचारलं नाही. त्यांना वाटलं असावं की ती वारली. काळजीने दुखणं जास्त जाणवतं, पण हा अल्सर काळजीचा नाही, एवढंच त्यांनी समजावलं. हा जंतू बहुतेकांच्या पोटात लहानपणीच शिरतो, घरातल्याच कोणाकडून. उष्ट्यातून, उलटीतून, घाण पाण्यातून. इलाज केला नाही तर जन्मभर मुक्काम करतो.

शालूबाई बराच वेळ फोटोतल्या त्या खड्ड्याकडे पाहत होती. इतकी वर्षं जिथे हात दाबून ती पोरीला आठवत होती, तिथे हे होतं. आपल्याकडून कोणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं तिला झालं. आणि मग दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली.

"डॉक्टरसाहेब, लहान लेकराले घास चावून भरवला, तर जाते का हे?"

डॉक्टर उठत होते, ते परत बसले. "जाऊ शकते. पण तसंच गेलं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. दुसरीकडूनही येते. काऊन, कोणाले त्रास आहे का?"

"होता. लहानपणी पोट दुखे तिचं."

"आता कुठं आहे ती?"

"चिखलीले. तिले बी लेकरू झालं आता."

डॉक्टरांना उलगडा झाला असावा. ते म्हणाले की मोठेपणीही जळजळ, दुखणं, मळमळ असेल तर तिने तपासून घ्यावं. दुर्बीण लागेलच असं नाही, शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीवरही कळतं. त्यांनी उत्तमरावांनाही विचारलं. त्यांना कसलाच त्रास नव्हता.

*

औषधं दोन आठवड्यांची होती. दोन प्रकारची जंतू मारणारी, एक आम्ल कमी करणारं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बरं वाटलं तरी मध्ये सोडायची नाहीत. अर्धवट सोडली तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि मग दुसरी, आणखी जड औषधं घ्यावी लागतात. गुडघ्याच्या गोळ्या मात्र बंद.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शालूबाईच्या तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव यायला लागली. चहा कडू, भाकर कडू, पाणीसुद्धा कडू. मळमळायचं, पोट ढिलं व्हायचं. एका सकाळी तिने गोळ्या हातात घेतल्या आणि उत्तमरावांना म्हणाली की आता पुरे, जळजळ तर थांबली. उत्तमराव कमी बोलणारे. ते तिच्याजवळ येऊन बसले.

"प्रेरणाले सांगशीन ना हे सगळं?"

"सांगा तर लागन."

"तिनं इचारलं, आत्या, तुमी पुऱ्या घेतल्या का, तर काय सांगशीन?"

शालूबाईने गोळ्या गिळल्या. मग तिने एकही चुकवली नाही.

सांगायचं तर होतं, पण कसं? तिच्याकडे प्रेरणाचा नंबरही नव्हता. औषधं संपल्यावर उत्तमरावांनीच प्रेमानंदला फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली. प्रेमानंदने बहिणीकडे फोन द्यायला सांगितला.

"ताई, येवढं झालं अन् मले कळवलं नाही?"

"तूच म्हणलं होतं, फोन करू नको."

"ते कवाचं!" प्रेमानंद म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "ते सहा महिन्यांपुरतं होतं, ताई. पोरगी शाळेत रुळेपर्यंत. तू पोरीच्या लग्नापर्यंत आलीच नाही मंग. मले वाटलं तुहं मन उडालं, नाहीतर माह्यावर रागावली. मी बी म्हणलं, कोणत्या तोंडानं बलावू."

शालूबाईने फोन उत्तमरावांच्या हातात दिला आणि बागेत निघून गेली. झाडं रिकामी झाली होती. तिथे ती बसून राहिली. तो वाईट वागला असता तर त्याच्यावर रागावता आलं असतं. तो तिकडे वाट पाहत होता आणि ती इकडे, आणि मध्ये पोरगी मोठी होऊन गेली.

*

चिखलीला ती एकटीच गेली. उत्तमराव येतो म्हणत होते, तिनेच नको म्हटलं. जळगाव जामोदहून नांदुरा, तिथून बुलडाण्याची गाडी. गाडी राजूर घाट चढली. बुलडाण्याला गाडी बदलून ती चिखलीला उतरली, तेव्हा स्टँडवर प्रेरणाचा नवरा ऋत्विक मोटारसायकल घेऊन उभा होता. कृषी केंद्रात कामाला असलेला, हसतमुख मुलगा. त्याने तिला घराशी सोडलं आणि तो कामावर परत गेला.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर. प्रेरणाने नमस्कार केला, पाणी दिलं, प्रवास कसा झाला ते विचारलं. ती आता 'मला' म्हणत होती, 'मले' नाही. बोलण्यातली जळगाव जामोदकडची लकब पार गेली होती. अंगाने भरली होती, पण डोळ्यांखाली काळं होतं. तिची मुलगी फरशीवर बसून मुरमुरे उचलत होती. शालूबाईला तिला घ्यावंसं वाटत होतं, पण न विचारता हात लावायचा धीर होईना.

प्रेरणाने लेकीला सफरचंद द्यायला घेतलं. एक तुकडा स्वतःच्या दाताने बारीक केला आणि बोटाने पोरीच्या तोंडाशी नेला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. शालूबाई उठली आणि तिने तिचा हात धरला.

"नको, बाई. तसं नको देऊ."

प्रेरणाने हात सोडवून घेतला. तिच्या कपाळावर आठी आली. मग शालूबाईने जे सांगायला आली होती ते सगळं सांगितलं. दुर्बीण, खड्डा, रंग बदललेलं औषध, डॉक्टरांचं बोलणं. तुला मी असंच भरवलं, म्हणून तुझं पोट दुखायचं असेल, हेही सांगितलं. तुला आता त्रास आहे का, असं तिने विचारलं.

आहे, असं प्रेरणाने सांगितलं. बाळाच्या वेळेपासून जास्त, उपाशीपोटी जळतं, ती गॅसची गोळी घेते. बाळंतपणामुळे असेल असं तिने धरलं होतं. हे सांगताना तिचं लक्ष लेकीकडेच होतं.

"एवढंच सांगायला आलात का, आत्या?"

"हाव."

"हे बाबांनी फोनवर सांगितलं असतं."

प्रेरणा उठून ओट्याशी गेली, चहाचं भांडं ठेवलं, आणि तिकडे तोंड करूनच बोलायला लागली.

"मी पोट दुखतं हे सांगणंच सोडून दिलं होतं, माहीत आहे का तुम्हाला? बाबा म्हणाले होते, पोट बरं झालं की नेऊन सोडतो. म्हणून मी रोज त्यांना सांगायचे, आज नाही दुखलं. दुखायचं, तरी उशी पोटाशी घेऊन झोपायचे. मला वाटायचं, थोडे दिवस असे गेले की ते सोडतील. डॉक्टरकडेसुद्धा मी नाही म्हणूनच सांगितलं. मग मला वाटलं, मी बरी झाले हे तुम्हाला कळवलंय आणि तरी तुम्ही येत नाही. सारखी आजारी पडणारी पोरगी, कशाला परत हवी असेल."

चहा उतू जायला आला तशी तिने गॅस बंद केला.

"मले येऊ नको म्हणलं होतं," शालूबाई म्हणाली. "तू रुळावी म्हणून."

"किती दिवस?"

"ते नाही सांगतलं त्यानं. मी बी नाही इचारलं."

प्रेरणा वळली. शालूबाईला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. तिने दोन्ही केलं नाही. पदराने हात पुसून ती समोर येऊन बसली.

"मी रुळले नाही कधी," ती म्हणाली. "सवय झाली."

दोघींनी चहा घेतला. शालूबाईला आता त्याची चव लागत होती. निघायच्या आधी तिने बाळाला मांडीवर घेतलं. पोरीने तिच्या गळ्यातली पोत तोंडात घालायला ओढली, तशी प्रेरणाने ती हळूच सोडवली. त्यावर दोघी थोड्या हसल्या.

*

प्रेरणाची तपासणी चिखलीतच झाली. शौचाच्या नमुन्यात जंतू निघाला. डॉक्टरांनी तिला तशीच औषधं दिली, बाळ अंगावर पितं का हे विचारून त्याला चालतील अशी. बाळाला काही त्रास नसेल तर त्याच्या पोटाची उगाच तपासणी करायची नाही, असं त्यांनी सांगितलं. हात धुवा, बाळाची चमचा-वाटी वेगळी ठेवा, चावून देऊ नका, एवढंच. हा जंतू तुमच्या आत्याकडूनच आला का, असंही प्रेरणाने विचारलं होतं. त्यावर डॉक्टर म्हणाले की ते आता कोणालाही कळणार नाही आणि कळून काही फरकही पडणार नाही. हे प्रेरणाने शालूबाईला मुद्दाम फोन करून कळवलं.

त्या दोन आठवड्यांत तिचे फोन येत राहिले. तोंड कडू झालंय, तुमचंही झालं होतं का? मळमळतंय, जेवणाआधी घेऊ की नंतर? शालूबाई सांगायची, जेवणानंतर घे, खडीसाखर तोंडात धर, पण सोडू नको, मी एकही नाही सोडली. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून यायची.

शालूबाईची स्वतःची फेरतपासणी औषधं संपल्यानंतर महिना उलटल्यावर झाली. जखम भरायला पुढे चालू ठेवलेली आम्ल कमी करायची गोळीही त्याआधी दोन आठवडे बंद ठेवायला लावली होती, नाहीतर लपलेला जंतू तपासणीत दिसत नाही. एका पिशवीत फुंकायला सांगितलं. डॉ. वकार म्हणाले, जंतू गेला. घरी येताना ती सारखी पोटावर हात ठेवून पाहत होती. तिथे काही नव्हतं. प्रेरणा मात्र तशीच आठवत होती, पोटाचा आधार न घेता.

उन्हाळा संपता संपता प्रेरणाचाही फोन आला. तिच्या पोटातलाही जंतू गेला होता. शालूबाईने देवापुढे साखर ठेवली. आणि त्यानंतर फोन यायचे थांबले.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. औषधं संपली, तपासणी झाली, आता ती कशाला करेल, असं शालूबाई स्वतःला समजावत होती. तिचा संसार आहे, लहान लेकरू आहे. तरी फोन ती पदरातच ठेवायची. एका दुपारी उत्तमराव जेवायला बसले होते. ताटावरून मान वर न करता ते म्हणाले की तूच लाव ना.

"काय सांगू लावून? काही कारण तर पायजे."

"कारण कायले पायजे?"

त्यांचं जेवण होईपर्यंत ती उंबऱ्याशी बसून राहिली. मग तिने फोन लावला. पलीकडून प्रेरणाचा आवाज घाईचा आला.

"आत्या? काय झालं? पोट दुखतंय का?"

"नाही."

"मग? मामा बरे आहेत ना?"

"बरे हायेत. काही नाही झालं. तुहा आवाज ऐकाचा होता."

शालूबाईला वाटलं, आता ती ठेवते म्हणेल. पण ती म्हणाली की तिच्या हाताला कणीक लागलीय, पोरगी पायात घोटाळतेय, आणि फोन धरून बोलायला आत्ता जमणार नाही.

"मी फोन इथे ओट्यावर ठेवते, स्पीकरवर," ती म्हणाली. "तुम्ही ठेवू नका, असा."

मग पोळपाटावर लाटण्याचा आवाज यायला लागला. कुकरची शिटी झाली. पोरगी काहीतरी आपटत होती आणि प्रेरणा तिला मध्येच दटावत होती, मध्येच तिच्याशी बोबडं बोलत होती. एकदा तिने विचारलं, "आत्या, आहात ना?" आणि शालूबाई हाव म्हणाली. उत्तमराव हात धुऊन तिच्याजवळ येऊन बसले. दोघं तिथेच ऐकत राहिले, पोळ्या होईपर्यंत.